ऑलिव्हच्या फळात तेल कधी भरतं आणि पाणी तुटलं की नेमकं काय बिघडतं

२०२४ च्या जानेवारीत स्पेनमध्ये एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाचा घाऊक भाव किलोला ९ युरोंच्या वर गेला. २०२१ च्या सुरुवातीला हाच भाव ३ युरोंच्या आतबाहेर होता. तिथल्या सुपरमार्केटांनी तेलाच्या बाटल्यांना चोरी पकडणारी कुलपं लावली. सरकारने जुलै २०२४ पासून काही महिने या तेलावरचा मूल्यवर्धित कर शून्यावर आणला. आपल्याकडचं ऑलिव्ह तेल जवळजवळ सगळं बाहेरून येतं, त्यामुळे भारतातल्या दुकानांतही त्या काळात बाटलीवरचा आकडा बघून लोकांनी ती परत फळीवर ठेवली.

कारण म्हणून सगळीकडे एकच शब्द ऐकू आला: दुष्काळ. आकडेही तसेच होते. स्पेनचं उत्पादन २०२१-२२ च्या हंगामात सुमारे १४.९ लाख टन होतं. पुढच्या हंगामात ते ६.६५ लाख टनांच्या आसपास कोसळलं. २०२३-२४ मध्ये साडेआठ लाखांवर रखडलं आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा १४ लाखांच्या पुढे गेलं. बऱ्या वर्षात जगातलं चाळीस टक्क्यांहून जास्त ऑलिव्ह तेल एकटा स्पेन काढतो. तो घसरला की बाकीच्यांनी कितीही जोर लावला तरी खड्डा भरत नाही.

पण 'दुष्काळ' म्हणून थांबलं तर दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. ऑलिव्ह हे भूमध्य समुद्राकाठचं काटक झाड आहे, शतकानुशतकं खडकाळ डोंगरउतारांवर सिंचनाशिवाय जगत आलेलं. दुसरं म्हणजे तिथले शेतीशास्त्रज्ञच बागायतदारांना सांगतात की जुलैत पाणी मुद्दाम कमी करा. मग पाणी तुटणं वाईट की चांगलं? याचं उत्तर तारखेवर अवलंबून आहे. ते समजायचं तर मे ते नोव्हेंबर या काळात फळाच्या आत काय चालतं ते बघावं लागेल.

तेल गरात असतं, बीत नव्हे

ऑलिव्ह हे आंब्यासारखं कोयीचं फळ. वर साल, मग गर, मग टणक कोय आणि कोयीच्या आत बी. एका फळाचं वजन जातीप्रमाणे दीड-दोन ग्रॅमपासून चारेक ग्रॅमपर्यंत. आर्बेकीना जातीचं फळ लहान, पिक्वालचं मोठं.

शेंगदाणा, तीळ, करडई, सूर्यफूल या आपल्या सगळ्या तेलबियांमध्ये तेल बीत असतं. ऑलिव्हचं जवळजवळ सगळं तेल गरात असतं, बीतला वाटा अगदी किरकोळ. हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे. बीतलं तेल ही उगवणाऱ्या रोपाची शिदोरी असते, आणि झाड ती शेवटपर्यंत राखतं. गर हे पाखरांसाठी ठेवलेलं आमिष आहे. फळ खाऊन त्यांनी बी लांब नेऊन टाकावी, एवढंच त्याचं काम. अडचणीच्या काळात झाड आधी आमिषात काटकसर करतं. म्हणून पाण्याचा ताण पडलेल्या झाडाची फळं कापून पाहिली तर कोय बऱ्यापैकी आकाराची असते, पण तिच्याभोवतीचा गर पातळ. आपल्याला हवं असतं ते नेमकं तिथेच कमी पडतं.

गराची एक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर तेलाचे बारीक थेंब एकमेकांत मिसळत जाऊन एक मोठा थेंब झालेला दिसतो. तो ०.०३ मिलिमीटरपर्यंत वाढू शकतो. तेलबियांमध्ये असं होत नाही. तिथे प्रत्येक थेंबाभोवती विशिष्ट प्रथिनांचं आवरण असतं, त्यामुळे थेंब बारीक आणि सुटेच राहतात. ऑलिव्हच्या गरात हे आवरण नसतं. फळं नुसती ठेचून लगदा हलक्या हाताने ढवळत ठेवला तरी तेल एकत्र येऊन सुटतं, द्रावक लागत नाही आणि फारशी उष्णताही लागत नाही. 'एक्स्ट्रा व्हर्जिन' हा प्रकार शक्य होतो त्याच्या मागे पेशीतला हा तपशील आहे.

फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत

दक्षिण स्पेनमध्ये, म्हणजे अंदालुसियात, ऑलिव्ह एप्रिलअखेर ते मे महिन्यात फुलतो. झाड फुलांनी लगडतं, पण त्यातली जेमतेम एक-दोन टक्के फुलं फळं म्हणून टिकतात. हे नेहमीचंच प्रमाण आहे, त्यात बिघडलेलं काही नाही. मात्र इतक्या कमी टक्क्यावर सगळा हंगाम उभा असल्यामुळे फुलोऱ्याच्या त्या आठवड्यांत वारं, ऊन किंवा कोरडेपणा जरा जास्त झाला तरी आकडा धाडकन खाली येतो.

फळ धरल्यावर पहिले सहा ते आठ आठवडे पेशींची संख्या भराभर वाढते. पुढे गरात किती तेल मावेल याचा पाया याच काळात घातला जातो. कोयही याच काळात आपला पूर्ण आकार गाठते, मात्र ती अजून मऊ असते.

मग, साधारण जुलैच्या सुमारास, कोय टणक व्हायला लागते. बागेत हे ओळखायला कोणतंही यंत्र लागत नाही. फळ हातात घ्यायचं आणि चाकूने आडवं कापायचं. जूनमध्ये पातं आरपार जातं, फळाचे दोन सारखे भाग होतात आणि मधोमध पांढरी ओली बी दिसते. काही दिवसांनी पातं कोयीवर अडखळतं, कचकन आवाज होतो. आणखी काही दिवसांनी ते आत जातच नाही. या टप्प्यात बाहेरून फळ थांबल्यासारखं दिसतं, वाढ मंदावलेली असते.

ऑगस्टपासून फळ पुन्हा फुगायला लागतं, पण आता नव्या पेशींची भर जवळपास थांबलेली असते. असलेल्याच पेशी मोठ्या होतात आणि त्यांच्यात तेल साठायला लागतं. याला तेलभरण म्हणू. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर हे तेलभरणाचे खरे महिने. नोव्हेंबरच्या सुमारास, फळ हिरव्याचं पिवळट आणि मग जांभळं होत असताना, वेग मंदावतो आणि पुढे नवं तेल जवळजवळ तयार होत नाही.

एक ग्रॅम तेलाला तीन ग्रॅम साखर

झाडाच्या हिशेबात तेल ही फार महाग चीज आहे. एक ग्रॅम तेल तयार करायला सुमारे तीन ग्रॅम साखर खर्ची पडते. तेवढ्याच वजनाचा पिठूळ साठा, म्हणजे स्टार्च, करायचा असता तर हा खर्च निम्म्याहून कमी झाला असता.

ही साखर येते मुख्यतः पानांकडून. फळ हिरवं असेपर्यंत त्याची सालही थोडीफार हातभार लावते. पान साखर बनवतं तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी त्याची सूक्ष्म छिद्रं उघडी असावी लागतात, आणि त्याच छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. मुळांना पाणी मिळेनासं झालं की झाड छिद्रं आवळून घेतं. पाणी वाचतं, पण साखर बनणंही मंदावतं.

पेशी फुगायलाही पाणीच लागतं, आतल्या पाण्याच्या दाबानेच तिची भिंत ताणली जाते. म्हणजे ताण पडला की दोन्हीकडून आवळलं जातं: साठवायला जागा कमी आणि साठवायला मालही कमी. यात आधी मार बसतो तो फळाच्या आकाराला. थोड्या ताणात तेलाचा साठा बराच वेळ तग धरतो, ताण वाढत गेला की तोही घसरतो.

"पण पाणी कमी दिलं की तेलाचा टक्का वाढतो ना?"

हा आक्षेप स्पेनमधल्या शेतकऱ्यांच्या तोंडीही असतो, आणि तो खोटा नाही. फक्त तो टक्का फसवा आहे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

ओल्या नारळाची एक वाटी घ्या आणि उन्हात वाळवा. ओल्या खोबऱ्यात तेलाचं प्रमाण साधारण एक तृतीयांश असतं, सुक्या खोबऱ्यात ते साठ टक्क्यांच्या वर जातं. उन्हाने तेल तयार केलं का? नाही. पाणी उडून गेलं. वाटीतलं तेल होतं तेवढंच आहे, फक्त त्याला भागणारं वजन कमी झालं.

ऑलिव्हच्या ताज्या फळात निम्म्याहून अधिक पाणी असतं. समजा, व्यवस्थित पाणी मिळालेल्या झाडाचं एक फळ ३ ग्रॅमचं आहे आणि त्यात २० टक्के तेल आहे. म्हणजे तेल झालं ०.६ ग्रॅम. शेजारच्या ताण पडलेल्या झाडाचं फळ सुरकुतलेलं, २ ग्रॅमचं, आणि त्यात २४ टक्के तेल. टक्का चांगला चार अंकांनी जास्त, पण तेल मात्र ०.४८ ग्रॅम, म्हणजे पाचवा हिस्सा कमी. आता ऑक्टोबरात पाऊस पडला, फळ पाणी पिऊन २.३ ग्रॅमचं झालं, तर टक्का २१ च्या खाली येईल. शेतकरी म्हणेल, पावसाने तेल घटवलं. तेल तेवढंच आहे. हे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, पण प्रकार अगदी असाच घडतो.

स्पेनमधल्या खाएन प्रांतात ६ कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत, आणि तिथल्या बहुतेक तेलगिरण्या सहकारी आहेत. फळांची ट्रॉली वजनकाट्यावर येते, तिच्यातला नमुना काढून तेलाचा उतारा तपासला जातो आणि सभासदाच्या खात्यावर वजन गुणिले उतारा एवढं तेल जमा होतं. ऊस घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. चावडीवरच्या गप्पा मात्र उताऱ्याच्याच होतात. 'यंदा चोवीस लागला' हे छातीठोक सांगता येतं, ट्रॉलीत किलो किती कमी भरले ते कुणी विचारत नाही.

याच समजुतीतून तोडणी लांबवली जाते. नोव्हेंबरनंतर नवं तेल जवळजवळ बनत नाही, तरी जानेवारीपर्यंत फळ झाडावर ठेवलं की उतारा चढत जातो. कारण तेच, फळ वाळत असतं. दरम्यान काही फळं गळून जमिनीवर पडतात, आणि पडलेल्या फळांच्या तेलाची प्रत घसरते. म्हणून संशोधक टक्का मोजायचा झाला तर तो कोरड्या वजनावर मोजतात, किंवा सरळ एका फळात किती ग्रॅम आणि एका हेक्टरात किती किलो तेल हे बघतात.

"ऑलिव्ह तर कोरडवाहू झाड, त्याला पाणी कशाला?"

जगणं आणि तेल देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जगण्याच्या बाबतीत ऑलिव्हला तोड नाही. पान लहान, जाड, आणि खालच्या बाजूला चंदेरी रंगाचं. तो चंदेरी रंग म्हणजे छत्रीसारख्या सूक्ष्म केसांचा थर, त्याच्याखाली पानाची छिद्रं झाकलेली असतात. वारा थेट छिद्रांवर लागत नाही, वाफ कमी जाते. बहुतेक फळझाडं ज्या कोरडेपणात मान टाकतील त्यात ऑलिव्ह पानं शाबूत ठेवून उभा राहतो.

खाएनमध्ये वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे आपल्या सोलापूरच्या जवळपास. पण तो पडतो हिवाळ्यात आणि वसंतात. जून ते ऑगस्ट जवळजवळ कोरडे. म्हणजे ज्या महिन्यांत फळ वाढतं आणि तेल भरायला लागतं, त्या महिन्यांत झाड हिवाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलीवर जगतं. हिवाळा कोरडा गेला तर उन्हाळ्यासाठी गाठीला काहीच उरत नाही.

जुन्या लोकांनी यावर उपाय काढला होता तो अंतराचा. पारंपरिक बागेत दोन झाडांत दहा-बारा मीटर मोकळी जमीन असते, हेक्टरी ऐंशी-शंभर झाडं. प्रत्येक झाडाला मोठा टापू, त्यात मुरलेलं सगळं पाणी एकट्याचं. आता नव्या बागांमध्ये द्राक्षाच्या ओळींसारख्या दाट रांगा लावतात, हेक्टरी दीड-दोन हजार झाडं, म्हणजे तोडणीचं यंत्र वरून चालवता येतं. मजुरी वाचते, तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्पन्न सुरू होतं. पण जमिनीतली ओल तेवढीच आणि वाटेकरी वीसपट. अशा बागेला 'कोरडवाहू झाड' म्हणून पावसावर सोडता येत नाही. स्पेनच्या सुमारे २७ लाख हेक्टर ऑलिव्हपैकी तीसेक टक्के आज सिंचनाखाली आहे, आणि हेक्टरी उत्पादनात या बागा कोरडवाहूच्या बऱ्याच पुढे असतात. त्यामुळे धरणं आटली की फटकाही आधी इथेच जाणवतो.

पाणी तोडायचं तर कधी?

अंदालुसियातल्या ग्वादालक्विव्हिर नदीच्या खोऱ्यात ऑलिव्हसाठी ठरलेला पाण्याचा कोटा हेक्टरी वर्षाला १,५०० घनमीटर आहे, म्हणजे शेतभर १५० मिलिमीटर पाऊस पडावा तेवढं पाणी. दाट बागेची तहान याहून बरीच मोठी. तेव्हा कुठे ना कुठे कात्री लावावीच लागते.

कात्री फुलोऱ्याच्या आधी आणि फुलोऱ्यात लावली तर फुलांतले स्त्रीकेसर नीट घडत नाहीत, फूल दिसतं पण फळ धरत नाही. फळ धरल्यावरच्या आठवड्यांत लावली तर गर लहान राहतो आणि हे नुकसान पुढे पूर्ण भरून येत नाही. ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरात लावली तर थेट तेलभरणावर घाव. उरतो तो कोय टणक होण्याचा काळ. तेव्हा पेशींची संख्या बरीचशी ठरलेली असते, तेलभरण नुकतं सुरू होत असतं, आणि फळ तसंही मंदावलेलं असतं. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकात लोणच्याच्या ऑलिव्हवर आणि पुढे स्पेनमध्ये कोर्दोबा आणि इतरत्र तेलाच्या जातींवर झालेल्या प्रयोगांतून हीच खिडकी पुढे आली. मध्य स्पेनमधल्या दाट आर्बेकीना बागांत तर जुलै आणि ऑगस्ट वेगळे काढून पाहिले गेले. जुलैतली कपात झाडांनी सोसली, ऑगस्टमधली तेलाला भोवली. या पद्धतीला नियंत्रित तूट म्हणतात. तूट असते, पण मुद्दाम आणि मोजूनमापून ठेवलेली.

मोजमाप कसं करतात तेही बघण्यासारखं आहे. भर दुपारच्या आधी झाडाच्या सावलीतलं, बुंध्याजवळचं एक पान निवडून त्यावर चंदेरी वेष्टन चढवतात आणि तासभर तसंच ठेवतात. त्यामुळे पानातून वाफ जाणं थांबतं आणि पानातला ताण फांदीतल्या ताणाइतका होतो. मग पान देठाशी कापून एका जाड लोखंडी भांड्यात घालतात, देठाचं टोक तेवढं झाकणाच्या भोकातून बाहेर. भांड्यात नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवत जायचं आणि भिंगातून देठाच्या कापावर नजर ठेवायची. कोरडा दिसणारा काप एका क्षणी ओला होऊन चमकतो. त्या क्षणीचा दाब म्हणजे झाड किती ताणाने पाणी ओढत होतं त्याचं माप, फक्त ते वजा चिन्हाने लिहायचं. पाण्याची ददात नसलेल्या ऑलिव्हमध्ये उन्हाळी दुपारी ते उणे १.४ मेगापास्कलच्या आसपास असतं. नियंत्रित तुटीत ते उणे २ किंवा ३ पर्यंत जाऊ देतात. त्याहून खूप खाली, उणे ६-७ पर्यंत जाऊनही झाड मरत नाही, पण त्या वर्षाच्या तेलाची आशा सोडावी.

"हे तर आपल्या बहारासारखंच झालं"

विदर्भातला संत्रा किंवा सोलापूरकडचं डाळिंब लावणाऱ्याच्या मनात हे नक्की येईल. बागेचं पाणी तोडायचं, ताण द्यायचा, मग पाणी सोडलं की झाड फुलतं. नाव सारखं असलं तरी काम उलटं आहे. आपला ताण फुलं आणण्यासाठी, फुलोऱ्याच्या आधी. ऑलिव्हला फुलं आणते ती हिवाळ्यातली थंडी. तिथे फुलोऱ्याआधी ताण दिला तर फुलं वांझ निघतात. ऑलिव्हमधला ताण पाणी वाचवण्यासाठी असतो, आणि फळ झाडावर असताना दिला जातो.

मग भरपूर पाणी द्यावं का?

पाणी असेल तर उत्पादन वाढतं, हे खरं. पण एका मर्यादेनंतर प्रत्येक जादा घनमीटरामागे मिळणारं तेल कमी कमी होत जातं, आणि जादा पाण्यातून पालाच माजतो. आतल्या फांद्यांना ऊन मिळत नाही.

शिवाय चव. चांगलं ऑलिव्ह तेल कडवट लागतं आणि घशात ठसका देतं, तो त्यातल्या पॉलिफेनॉल नावाच्या घटकांचा गुण. ताण सोसलेल्या झाडाच्या तेलात हे घटक जास्त असतात, पाण्याने तुडुंब बागेच्या तेलात कमी. पाणीदार तेल मऊ, गोडसर आणि कमी टिकाऊ. गिरणीतही त्रास होतो. पाण्याने टचटचीत फळांच्या लगद्यात तेल आणि पाणी घोटून एकजीव होतं, ते वेगळं करताना काही तेल चोथ्याबरोबर निघून जातं. तेव्हा माफक ताणाची बाग तेलाच्या किलोत थोडी मागे पडली तरी बाटलीतल्या मालाच्या दर्जात पुढे असू शकते. हे मात्र माफक ताणापुरतंच. दुष्काळाने सगळं तेल आपोआप उंची दर्जाचं होतं, अशी जाहिरातबाजी दिसली तर विश्वास ठेवू नये. सुरकुतलेलं, अर्धवट वाढलेलं फळ कुठल्याच हिशेबात चांगलं नसतं.

२०२२ आणि २०२३ ला काय झालं

आता त्या ६.६५ लाख टनांकडे. २०२१-२२ चा हिवाळा कोरडा गेला, जमिनीत ओल नव्हती. मे २०२२ मध्ये ऐन फुलोऱ्याच्या सुमारास अवेळी उष्णतेची लाट आली. फळंच कमी धरली. धरली त्यांना लांब, तापलेला, कोरडा उन्हाळा मिळाला, आणि धरणांत पाणी नसल्याने बागायतीचे कोटेही कापले गेले. म्हणजे फुलोरा, फळवाढ आणि तेलभरण, तिन्ही टप्प्यांवर मार.

आणि हे एका वर्षात फिटत नाही. ऑलिव्हला फळ लागतं ते आदल्या वर्षी वाढलेल्या डहाळीवर. ताणाच्या वर्षात डहाळ्या वाढल्याच नाहीत तर पुढच्या वर्षी फुलायला जागाच नसते. त्यात २७ एप्रिल २०२३ ला कोर्दोबात ३८.८ अंश तापमान नोंदलं गेलं, स्पेनच्या मुख्य भूमीवरचा एप्रिलमधला उच्चांक. पुन्हा फुलोऱ्याच्या तोंडावर. म्हणून दुसरा हंगामही आपटला. मार्च २०२४ च्या अखेरीस, ईस्टरच्या आठवड्यात चांगला पाऊस झाला, धरणांत पाणी आलं, आणि मग कुठे आकडा वर सरकला.

उष्णतेचा हिशेब पाण्याहून थोडा वेगळा मांडावा लागतो. अर्जेंटिनात आराउको नावाच्या जातीच्या फळांनी लगडलेल्या फांद्यांभोवती पारदर्शक पेट्या बसवून तेलभरणाच्या काळात आतलं तापमान कमी-जास्त करून पाहिलं गेलं. सरासरी तापमान १ अंशाने वाढलं की तेलाचं प्रमाण सुमारे १.१ टक्क्यांनी उतरत गेलं, आणि तेलातलं ओलिइक आम्ल, ज्यासाठी ऑलिव्ह तेलाचं नाव घेतलं जातं, तेही घटलं. उष्णतेचा हा फटका स्वतंत्र आहे, नुसतं पाणी देऊन तो पुसला जात नाही.

आपल्याकडे हे पीक का नाही?

आहे, थोडं. राजस्थान सरकारने २००७ मध्ये इस्रायली तंत्रज्ञान घेऊन ऑलिव्ह लागवडीचा प्रकल्प सुरू केला. त्यासाठी काढलेल्या कंपनीत राज्याच्या कृषी पणन मंडळाबरोबर पुण्याची फिनोलेक्स प्लासन ही ठिबक सिंचनातली कंपनीही भागीदार होती. २०१४ मध्ये बीकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेल काढण्याचा कारखाना उभा राहिला. वाळवंट असलं तरी तिथे हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते, आणि फुलोऱ्यासाठी ती लागतेच. महाराष्ट्राच्या पठारावर दिवसा ऊन तापतं आणि थंडी काही आठवड्यांत आटोपते. झाड वाढेल, हिरवंगार दिसेल, फुलेल याचा भरवसा नाही. 'दुष्काळी भागासाठी वरदान' म्हणून कुणी रोपं विकायला आलं तर पाण्याच्या आधी त्याला थंडीबद्दल विचारावं.

पुढच्या भावाचा अंदाज घ्यायचा असेल तर

अंदालुसियाचं प्रादेशिक सरकार दर वर्षी ऑक्टोबरात हंगामाचा पहिला अंदाज जाहीर करतं आणि बाजार त्यावर हलतो. पण त्या वेळी तेलभरण संपलेलं नसतं. झाडावर फळं किती ते दिसतं, त्यात तेल किती उतरणार याचा काही भाग अजून सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाच्या हातात असतो. वेळेवर पाऊस आला तर ताणातली फळं पाणी घेऊन टरारतात आणि उरलेल्या आठवड्यांत थोडं तेलही भरून काढतात. पेशींची संख्या आणि कोयीचा आकार मात्र जूनमध्येच ठरून गेलेला असतो, तो पावसाने बदलत नाही. म्हणून मे महिन्यातल्या कोर्दोबाच्या तापमानाची बातमी ऑक्टोबरच्या अंदाजाइतकीच कामाची आहे, आणि ती पाच महिने आधी येते.